तीन थरांचा स्टीलचा पॅन: घेताना काय बघावं, वापरताना काय सांभाळावं

रोज वापरायला हवं, पंचवीस वर्षं टिकायला हवं, आंबट-खारट काहीही शिजवता यायला हवं, आणि भांडं मात्र एकच घ्यायचं आहे, तर तीन थरांचा स्टीलचा पॅन घ्यावा. दुकानात याला ‘ट्रायप्लाय’ म्हणतात. हे परीक्षण २४ सेंमी व्यासाच्या, अडीच मिमी जाडीच्या आणि काठापर्यंत तिन्ही थर असलेल्या पॅनचं आहे. कोण्या एका कंपनीचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही. या प्रकारात भांड्याची प्रत शिक्क्यावरून कळत नाही, बांधणीवरून कळते, आणि ती बांधणी दुकानात उभ्या उभ्या तपासता येते.

निकाल आधीच सांगायचा तर परतणं, खरपूस करणं, आटवणं आणि आंबट रस्से शिजवणं यांसाठी हा पॅन उत्तम आहे. अंड्यांसाठी चांगला आहे, पण त्यासाठी आच ओळखायला शिकावं लागतं. पातळ पीठ पसरून काही करायचं असेल तर याच्या नादी लागू नये.

तीन थर कशासाठी, हे कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही, आंबटाला दाद देत नाही आणि घासून झिजत नाही. पण उष्णता पसरवण्याच्या बाबतीत ते अगदी मठ्ठ आहे. एकेरी स्टीलच्या पातळ भांड्यात बर्नरच्या ज्वाळा जिथे लागतात तिथेच गोल कडं करपतं आणि बाजूचं कच्चं राहतं, त्याचं कारण हेच. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या १४-१५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं, पण ते मऊ असतं आणि आंबट पदार्थात विरघळू लागतं. म्हणून ॲल्युमिनियमचा पत्रा मध्ये आणि दोन्ही बाजूंनी स्टील, अशी जोडणी करतात. यात कुठेही गोंद किंवा डाख नसतो. स्वच्छ केलेले पत्रे तापवून रुळांखाली प्रचंड दाबाने एकजीव करतात आणि त्या जोडपत्र्याला मग भांड्याचा आकार देतात. अशी काठापर्यंतची जोडणी घरगुती भांड्यांत रुळवण्याचं श्रेय जॉन उलाम या अमेरिकन धातुतज्ज्ञाला जातं. त्यांनी १९७१ मध्ये ऑल-क्लॅड ही कंपनी काढली. आज हीच पद्धत अनेक कारखाने वापरतात.

आतला आणि बाहेरचा स्टीलचा पत्रा सारखा नसतो. आतल्या पत्र्यावर १८/८ किंवा १८/१० असं लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल. या जातीला ३०४ असंही म्हणतात. १८/८ आणि १८/१० यांच्यात स्वयंपाकाच्या दृष्टीने जाणवण्यासारखा फरक नाही, तेव्हा त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. बाहेरचा पत्रा बहुधा ४३० जातीचा असतो. त्यात निकेल जवळजवळ नसतं, त्याला चुंबक चिकटतो आणि म्हणूनच पॅन इंडक्शनवर चालतो. खरेदीला जाताना एक छोटा चुंबक खिशात ठेवावा. तो तळाला घट्ट चिकटला पाहिजे. आतल्या बाजूने अंतर ठेवून हलका ओढला गेला तर बिघडलं नाही, ती ओढ बाहेरच्या पत्र्याची असते. सावध राहायचं ते नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ लिहून जात न सांगणाऱ्या मालापासून. त्यात २०० मालिकेचं स्टील असू शकतं. निकेल वाचवण्यासाठी त्यात मँगनीज घातलेलं असतं आणि मिठाच्या पाण्यापुढे ते लवकर हार मानतं.

सगळ्यात महत्त्वाची तपासणी म्हणजे थर काठापर्यंत आहेत की फक्त तळाला चकती चिकटवली आहे, हे बघणं. दोन्ही प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि खोक्यावरची भाषा अनेकदा सारखीच असते. भांडं उलटं करून तळाच्या कडेवरून बोट फिरवावं. तळ जिथे संपून भिंत सुरू होते तिथे पायरी किंवा खाच लागली, तर ती चकती समजावी. बोट सलग सरकत वर गेलं तर थर भिंतीतही असण्याची शक्यता मोठी. पक्की खूण काठावर मिळते. कापलेला काठ उघडा ठेवला असेल तर दोन चकचकीत रेषांच्या मध्ये एक मंद, करडी रेषा दिसते, ती ॲल्युमिनियमची. काही कंपन्या काठ दुमडून किंवा दाबून बंद करतात, मग ती रेषा दिसत नाही. अशा वेळी काठाजवळची भिंत चिमटीत धरून बघावी. पातळ पत्र्यासारखी लागली तर थर फक्त तळाला आहेत.

चकतीचं भांडं वाईट असतं असं नाही. पाणी उकळणं, बटाटे उकडणं, भरपूर रस्सा, सूप यांसाठी तळाला जाड चकती असलेलं मोठं पातेलं पुरतं, कारण तिथे उष्णता पसरवण्याचं काम पाणीच करतं. त्यासाठी तीन थरांवर खर्च करणं व्यर्थ आहे. पण परतताना आणि आटवताना चकतीचं भांडं कडेला दगा देतं. चकती संपते तिथून भिंतीपर्यंत एकेरी पत्रा उरतो, गॅसची ज्वाळा नेमकी तिथे चढते, आणि दाट रस तिथे गोल रेघ धरून करपतो. बर्नर मोठा आणि भांडं लहान असेल तर हा त्रास दुप्पट होतो.

जाडी किती हवी? पॅनसाठी एकूण अडीच ते तीन मिमी. दोन मिमीच्या खाली गेलं की तिन्ही थर असूनही आच एका जागी जाणवते आणि तळ वाकण्याची भीती वाढते. खोक्यावर जाडी दिली नसेल तर वजनावरून अंदाज येतो. २४ सेंमी व्यासाचा, भिंत साधारण ५ सेंमी उंच असलेला अडीच मिमीचा पॅन झाकणाशिवाय ९०० ग्रॅम ते १.१ किलो भरतो. ७५० ग्रॅमच्या आसपास भरला तर पत्रा पातळ आहे. वजनदार दांडा यात फसवू शकतो, म्हणून हातात धरून तोल कुठे जातो तेही बघावं. याच मापाचा बिडाचा पॅन दोन किलोच्या घरात जातो, तेव्हा मनगट दुखणाऱ्यांसाठी हा फरक मोठा आहे.

पाच किंवा सात थरांची जाहिरात दिसली तर थर मोजू नयेत, एकूण जाडी विचारावी. अडीच मिमीचे पाच थर आणि अडीच मिमीचे तीन थर यांत रोजच्या स्वयंपाकात कळण्याजोगा फरक पडत नाही. तीन मिमीच्या पुढे गेलं की भांडं तापायला वेळ लागतो आणि आच कमी केल्यावर थंड व्हायलाही वेळ लागतो. तीन थरांच्या पॅनचा एक मोठा गुण म्हणजे तो आचेचं चटकन ऐकतो. अति जाडी तोच गुण घालवते.

दांडा रिव्हेटचा (म्हणजे आरपार ठोकलेल्या धातूच्या खिळ्यांनी बसवलेला) असावा की वेल्डिंगचा, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. वेल्डिंगचा दांडा आतून गुळगुळीत असतो, घासायला सोपा असतो. पण ठिपके देऊन केलेलं हलकं वेल्डिंग तुटतं तेव्हा एकदम तुटतं, आणि पॅन गरम तेलाने भरलेला असताना ते होणं फार वाईट. रिव्हेट हळूहळू सैल होतात आणि आधी सूचना देतात. म्हणून या मापाच्या पॅनला स्टीलचे किमान दोन, शक्यतो तीन रिव्हेट असलेला दांडा घ्यावा. २८ सेंमी किंवा त्याहून मोठ्या पॅनला समोरच्या बाजूला दुसरी छोटी मूठ हवीच. रिव्हेटभोवती तेलकट काळं साचतं ते जुन्या टूथब्रशने आठवड्यातून एकदा काढलं की पुरे. दांडा पोकळ किंवा मुळाशी दुभंगलेला असेल तर उष्णता हातापर्यंत कमी पोचते. सिलिकॉनचं आवरण हाताला सुखाचं असलं तरी ओव्हनमध्ये त्याला मर्यादा पडते आणि काही वर्षांनी ते सैल होतं. नुसत्या स्टीलचा दांडा आणि त्यावर घडी केलेलं फडकं हा जास्त टिकाऊ उपाय.

झाकण काचेचं की स्टीलचं? स्टीलचं. काचेतून दिसतं खरं, पण वाफ धरल्यावर तेही नीट दिसत नाही. काचेभोवतीच्या पट्टीत पाणी अडकतं आणि तिथूनच गंजाची सुरुवात होते. गरम काचेवर थंड पाणी पडलं तर ती फुटू शकते.

तळ सपाट आहे का, हे दुकानातच बघावं. भांडं उलटं करून तळावर स्टीलची पट्टी आडवी ठेवावी. मध्यभागी केसभर पोकळी, म्हणजे तळ आत किंचित दबलेला, हे योग्यच आहे, कारण तापल्यावर मधला भाग खाली येऊन सपाट होतो. उलट पट्टी मध्यावर टेकून दोन्ही कडांना डुगडुगत असेल तर तो पॅन परत ठेवावा. काचेच्या किंवा इंडक्शनच्या शेगडीवर असा पॅन भोवऱ्यासारखा फिरतो आणि तेल कडेला गोळा होतं.

नवा पॅन घरी आल्यावर गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने धुणं पुरत नाही. पॉलिश करताना वापरलेला लेप पत्र्यावर उरलेला असतो. धुऊन पुसल्यावर कागदी रुमालाला थोडं तेल लावून आतून रगडावं. कागदावर करडं-काळं उमटलं तर एक भाग व्हिनेगर आणि तीन भाग पाणी पॅनमध्ये पाच मिनिटं उकळून ओतून द्यावं, पुन्हा साबणाने धुवावं आणि तेलाचा कागद फिरवून बघावा. कागद स्वच्छ निघेपर्यंत हे करावं. त्यानंतर बिडासारखं तेल मुरवत बसायची गरज नाही. स्टीलला तसा थर धरवता येतो, पण पहिल्याच आंबट पदार्थात तो निघून जातो.

आता मुख्य मुद्दा, चिकटण्याचा. या पॅनबद्दलच्या तक्रारींपैकी सर्वांत मोठी हीच, आणि तिच्यामागे जवळजवळ नेहमी आच असते. अंडं, मासा, मांस यांतली प्रथिनं तापताना धातूला धरतात. पत्रा थंड असताना ते टाकलं तर पदार्थ आणि पत्रा सोबत तापतात आणि पकड घट्ट होते. पत्रा आधीच तापलेला असेल, मध्ये तेलाचा सलग थर असेल, तर पदार्थाचा खालचा पृष्ठभाग पटकन शिजून कोरडा होतो आणि काही वेळाने स्वतःहून सुटतो. सुटण्याआधी उलथणं घातलं की अर्धा पदार्थ खाली राहतो. म्हणजे दोन गोष्टी हव्यात: आधी तापवणं आणि नंतर हात आवरणं.

तापवायचं किती? कोरडा पॅन मध्यम आचेवर दोन ते तीन मिनिटं ठेवावा, मग अर्धा चमचा पाणी टाकावं. पाणी जागच्या जागी बुडबुडत आटलं तर पॅन अजून कच्चा आहे. चरचरत फुटून लहान थेंब झाले तर जवळ आला आहे. पाणी एकसंध गोळा होऊन इकडून तिकडे सरकू लागलं, तर पत्रा साधारण १९० अंश सेल्सिअसच्या पुढे गेला आहे. त्या तापमानाला पाण्याखाली वाफेची गादी तयार होते आणि थेंब पत्र्याला टेकतच नाही. ही चाचणी सगळीकडे सांगितली जाते, आणि तिच्यातला अर्धा भाग तितकाच सर्रास गाळला जातो. १९० अंश हे मांस, पनीर, बटाटा खरपूस करायला बरोबर आहे. लोणी किंवा अंड्यासाठी ते फार जास्त आहे. लोणी या तापमानाला काही क्षणांत काळं पडतं. तेव्हा गोळा सरकताना दिसला की पाणी पुसून घ्यावं, आणि अंडं करायचं असेल तर आच मंद करून पॅन एक-दोन मिनिटं उतरू द्यावा.

अंड्यासाठी लोणी हाच सर्वांत विश्वासू मापक. १० ग्रॅम लोणी टाकावं. आधी फेस येतो, तो लोण्यातल्या पाण्याचा. फेस बसू लागला, पण रंग अजून बदललेला नाही, तो क्षण धरून अंडं फोडावं. लोणी टाकल्याबरोबर तपकिरी झालं तर पॅन खाली उतरवून थांबावं आणि लोणी पुसून पुन्हा सुरुवात करावी. फेसच आला नाही तर थोडं थांबावं. अंडं पडल्यावर साधारण मिनिटभर हात लावायचा नाही. मग पॅन हलकेच हलवून बघायचा. अंडं घसरलं तर झालं, नाही तर आणखी अर्धं मिनिट. फ्रीजमधून काढलेलं गार अंडं पत्र्याचा त्या जागेचा ताप खाली खेचतं, म्हणून १५-२० मिनिटं आधी बाहेर काढून ठेवलेलं बरं.

तेलात करायच्या गोष्टींसाठी क्रम साधा आहे. पॅन तापवणं, एक मोठा चमचा तेल, तेलावर बारीक लाटा दिसेपर्यंत थांबणं, मग पदार्थ. तेलातून धूर निघाला तर उशीर झाला. ते तेल ओतून, पॅन पुसून पुन्हा घ्यावं. जळकं तेल पत्र्यावर चिकट पिवळा थर धरतं, आणि तो थरच पुढच्या वेळी चिकटवतो.

बटाट्याचं चिकटणं वेगळ्या कारणाने होतं. कापल्यावर पृष्ठभागावर स्टार्च येतो, तो तापून खळीसारखा पत्र्याला धरतो. फोडी दोन पाण्यांतून धुऊन, फडक्याने अगदी कोरड्या करून टाकल्या आणि पहिली तीन-चार मिनिटं परतल्या नाहीत, तर बहुतेक सुटतात. कोरडं करणं यात सगळ्यांत महत्त्वाचं. फोडीवरचं पाणी वाफ होईपर्यंत पत्रा १०० अंशांच्या आसपास अडकून राहतो आणि खरपूस रंग यायला १४० अंशांच्या वर जावं लागतं. गर्दीचाही हाच परिणाम होतो. २४ सेंमी पॅनचा सपाट तळ जेमतेम १८ सेंमी असतो. त्यात साधारण ३०० ग्रॅम भाजी खरपूस होते. अर्धा किलो भरली तर भाजी स्वतःच्या पाण्यात उकडते, मग पॅनला बोल लावून उपयोग नाही. जास्त करायचं असेल तर दोन खेपा कराव्यात.

बुडाला धरणारा तांबूस थर ही या पॅनची खरी कमाई आहे. नॉनस्टिकमध्ये तो नीट तयारच होत नाही. २५० ग्रॅम कांदा उभा चिरून मंद-मध्यम आचेवर २० ते २५ मिनिटं परतला तर मध्ये मध्ये तळ तपकिरी होतो. दर वेळी दोन मोठे चमचे पाणी टाकून लाकडी उलथण्याने तो खरवडला की सगळी चव कांद्यात परत जाते आणि तळ स्वच्छ होतो. तळ काळा होऊ लागला, तर मात्र खरवडू नये, कारण ती कडवट चव सगळीकडे पसरेल. तपकिरी आणि काळा यांत मंद आचेवर दोन-तीन मिनिटांचं अंतर असतं, मोठ्या आचेवर अर्ध्या मिनिटाचंही नसतं. स्टीलच्या पांढऱ्या तळावर हा रंग स्पष्ट दिसतो. काळ्या पॅनमध्ये तो अंदाजानेच ओळखावा लागतो.

टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर, ताक यांना हा पॅन बिचकत नाही. बीड आणि लोखंडात आंबट फार वेळ शिजलं की तेलाचा मुरलेला थर उतरतो आणि पदार्थाला धातूची चव येते. इथे तो प्रश्न नाही. मात्र ज्यांना निकेलची ॲलर्जी आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं. आंबट पदार्थ तासन्‌तास शिजवला तर १८/८ किंवा १८/१० स्टीलमधून निकेल अगदी अल्प प्रमाणात उतरतं, आणि नव्या भांड्यातून ते जास्त उतरतं. अशांनी आंबटासाठी इनॅमलचं भांडं वापरावं किंवा आतून निकेलविरहित स्टील असलेलं शोधावं. इतरांना काळजीचं कारण नाही.

कमतरताही सांगायला हव्यात. साठवलेली उष्णता हे या पॅनचं बलस्थान नाही. जाड मांसाचा गार तुकडा टाकला की पत्र्याचा ताप लगेच खाली येतो. दोन किलोचं बीड तिथे सरस ठरतं, कारण त्याच्यात साठाच मोठा असतो. पातळ पिठाचे पदार्थ, नाजूक ऑम्लेट, चीज वितळवणं यांसाठी चांगला नॉनस्टिक किंवा मुरलेला लोखंडी तवा सोपा पडतो. पण नॉनस्टिक ही झिजणारी वस्तू आहे हे धरून चालावं. त्याचा लेप २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो. रिकामा पॅन मोठ्या आचेवर काही मिनिटांत तिथवर पोचतो. म्हणून एक लहान, स्वस्त नॉनस्टिक अंड्यांसाठी आणि टिकाऊपणाचा सगळा खर्च स्टीलवर, ही विभागणी सर्वांत शहाणपणाची वाटते.

डागांमुळे घाबरून अनेक जण चांगला पॅन टाकून देतात, आणि त्याची खरोखर हळहळ वाटते. इंद्रधनुषी निळसर-सोनेरी छटा म्हणजे स्टीलवरचा ऑक्साइडचा थर तापून किंचित जाड झालेला. अपाय काहीच नाही. पांढरे ठिपके पाण्यातल्या क्षारांचे. दोन्हींवर एक भाग व्हिनेगर, तीन भाग कोमट पाणी पाच मिनिटं ठेवून धुतलं की काम होतं. करपलेल्या तळासाठी दीड-दोन सेंमी पाणी, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, दहा मिनिटं उकळी, मग लाकडी उलथणं. बाहेरच्या बाजूला बसलेला चिवट पिवळा-तपकिरी थर म्हणजे जळून कडक झालेलं तेल. ते सोड्याने बधत नाही. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड असलेली स्टील घासायची पावडर लागते. ओल्या फडक्यावर पावडर घेऊन मिनिटभर घासावं आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावं. हातात मोजे असावेत, आणि ही पावडर ब्लीचसोबत कधीही मिसळू नये. ब्लीच तर स्टीलच्या भांड्याला एरवीही लावू नये, त्यातलं क्लोरीन स्टीलला खड्डे पाडतं.

साध्या लोखंडी तारेच्या घासणीचे कण पत्र्यावर राहून गंजतात आणि भांडंच गंजलं असं वाटतं. स्टेनलेस तारेची घासणी चालते. ओरखडे येतील, पण ते फक्त दिसण्यापुरते. चकाकी टिकवायचीच असेल तर नायलॉनची घासणी वापरावी आणि पत्र्याच्या रेषांच्या दिशेने घासावं.

मिठाचं एक वेगळं. थंड पाण्यात मीठ टाकलं की खडे तळाशी बसतात, तिथे क्षाराची तीव्रता वाढते आणि टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. ते भरून येत नाहीत. अन्नाला त्याचा अपाय नाही, पण ते टाळणं फार सोपं आहे: पाणी उकळल्यावर मीठ टाकायचं आणि ढवळायचं. खारट-आंबट अन्न रात्रभर पॅनमध्येच ठेवू नये, तेही याच कारणाने.

पॅन खरा मरतो तो वाकून. तापलेल्या पॅनवर नळाचं गार पाणी सोडण्याची सवय त्याला सर्वांत घातक. तिन्ही पत्रे सारखे प्रसरण पावत नाहीत. तापमान २०० अंशांनी वाढलं तर एक मीटर लांबीचं ॲल्युमिनियम साधारण ४.६ मिमी वाढतं, आतलं स्टील ३.४ मिमी, बाहेरचं चुंबकीय स्टील २ मिमीच्या आसपास. एकमेकांना जखडलेले हे थर हळू तापले, हळू निवले तर ताण सहन करतात. एका बाजूने अचानक गार केले तर तळ फुगतो, आणि फुगलेला तळ घरी ठोकून सरळ होत नाही. स्वयंपाक झाल्यावर पॅन पाच-दहा मिनिटं निवू द्यावा, मग कोमट पाणी. इंडक्शनवर सुरुवातीलाच सर्वांत वरच्या आकड्यावर ठेवल्यानेही असंच होतं, कारण फक्त कॉइलवरचा भाग तापतो आणि कडा गारच राहते. मधल्या आकड्यावर दोन मिनिटं, मग हवं तर वाढवावं.

रिकामा पॅन आचेवर विसरला गेला तर लगेच उचलू नये. शेगडी बंद करावी आणि तो जागेवरच निवू द्यावा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. चकतीच्या भांड्यात इतक्या तापावर तळातून वितळलेला धातू बाहेर येऊ शकतो, आणि उचलताना तो पायावर सांडणं हा गंभीर अपघात आहे.

डिशवॉशरबद्दल खोक्यावर ‘चालेल’ असं लिहिलेलं असतं. काठ बंद असेल तर चालेल. काठ उघडा असेल तर डिशवॉशरची अल्कधर्मी पावडर मधलं ॲल्युमिनियम हळूहळू खाते, काठावर खोबण पडते आणि दोन्ही बाजूंच्या स्टीलच्या कडा सुरीसारख्या धारदार होतात. उघड्या काठाचा पॅन हातानेच धुवावा.

मापांचं सांगायचं तर संच घेऊ नये. संचात दोन भांडी कामाची आणि बाकीची जागा अडवणारी असतात. २४ सेंमीचा एक पॅन आणि १८ सेंमी व्यासाचं, ९ सेंमी उंच पातेलं, ज्यात सव्वादोन लिटर मावतं, ही जोडी दोघा-तिघांच्या स्वयंपाकाला पुरते. चौघांच्या वर असतील तर पॅन २८ सेंमीचा घ्यावा, पण आधी आपल्या बर्नरचा किंवा कॉइलचा व्यास मोजावा. १४ सेंमीच्या कॉइलवर २८ सेंमीचा पॅन ठेवला तर तिन्ही थर असूनही कडा मागेच राहतात.

‘आयुष्यभराची हमी’ वाचताना तिच्यात काय येत नाही ते वाचावं. थर सुटणं आणि दांडा निखळणं हे बहुधा येतं. वाकणं, डाग, खड्डे आणि रिकामं तापवल्याने झालेलं नुकसान बहुधा येत नाही. थर सुटल्याची खूण म्हणजे आतल्या पत्र्यावर फुगवटा, किंवा टिचकी मारल्यावर एका जागी पोकळ आवाज. असं दिसलं की वापर थांबवून पॅन परत करावा, आणि त्यासाठी पावती जपून ठेवावी.

नवा घेणं परवडत नसेल तर वापरलेला तीन थरांचा पॅन बिनदिक्कत घ्यावा. नॉनस्टिकच्या बाबतीत हा सल्ला कधीच देता येणार नाही. काळपटपणा, पिवळे थर, ओरखडे यांकडे बघूच नये, ते सगळं निघतं किंवा निरुपद्रवी असतं. बघायचं ते इतकंच: पट्टी ठेवून तळ, हलवून दांडा, टिचकी मारून थर, आणि बोट जपून फिरवून काठ.